‘मॉडर्न वॉरफेअर २’सोबत आलेल्या नाइट व्हिजन गॉगलमधून खरंच अंधारात दिसतं का? बागेच्या राखणीला घ्यावा का?

देवगडला तुमच्या ओळखीतले एकजण ‘मॉडर्न वॉरफेअर २’ या व्हिडिओ गेमच्या प्रेस्टीज एडिशनमधला, म्हणजे महागड्या खास पेटीतला गॉगल विकतायत. तो नुसता शोभेचा आहे की चालतो, आणि रात्री कलमांच्या राखणीला उपयोगी पडेल का, असं तुम्ही विचारलंय. माझ्याकडे तोच गॉगल आहे. आमचं घर गुहागरजवळ. २०१० च्या मे महिन्यात मावसभाऊ अमेरिकेहून आला, तेव्हा त्याने खास माझ्यासाठी आणला होता. चालतो, अगदी खरा चालतो. पण राखणीसाठी घेऊ नका.

गेम १० नोव्हेंबर २००९ ला आला. प्रेस्टीज एडिशनची अमेरिकेतली किंमत १४९.९९ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने सात हजारांच्या आसपास. त्यात गेमची डिस्क, चित्रांचं पुस्तक, याच मालिकेतला २००३ चा मूळ गेम ‘कॉल ऑफ ड्यूटी’ उतरवून घ्यायचं कूपन, गॉगल आणि गॉगल चढवून ठेवायला सैनिकाचं मुंडकं. ते मुंडकं आमच्या पडवीत ठेवलं होतं, तर आजी संध्याकाळी दिवा लावायला यायची तेव्हा त्याच्यावर टॉवेल टाकून ठेवायची.

पहिल्या रात्री सगळ्या घराचे दिवे घालवून मी खळ्यात उभा राहिलो. नुसत्या डोळ्यांना समोरचा माडसुद्धा दिसत नव्हता. गॉगल लावला आणि तुळशीवृंदावन, वाळत घातलेले कपडे, पंधरा पावलांवरचा जांभ्याचा गडगा, सगळं उजळून आलं. गडग्यावर दोन डोळे चमकले. कांडेचोर होता, म्हणजे उदमांजर. याच मालिकेतल्या २००७ च्या गेममधलं, काळोखात असाच गॉगल लावून खेळायचं ‘ब्लॅकआउट’ मिशन मी कितीदा खेळलो असेन, पण ते डोळे पाहून अंगावर जो काटा आला तो पडद्यासमोर कधी आला नव्हता.

आता तो राखणीला का नको, ते सांगतो. लष्कराच्या खऱ्या गॉगलमध्ये एक नळी असते. चांदण्यांचा जेमतेम उजेड तिच्यात शिरतो, त्याचे इलेक्ट्रॉन होतात, ते हजारो पटींनी वाढून फॉस्फरच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन पडले की उजळणाऱ्या द्रव्याच्या, पडद्यावर आदळतात. गेममध्ये गॉगल लावला की सगळं हिरवं दिसतं, तो रंग या फॉस्फरवरून आलाय. आपल्या डोळ्याला हिरवा उजेड सगळ्यात चांगला जाणवतो, म्हणून तो निवडलेला. तुम्हाला मिळतोय त्या गॉगलमध्ये ही नळी नाही. पुढे इन्फ्रारेड एलईडी आहेत, ते माणसाच्या डोळ्याला न दिसणारा उजेड टाकतात. छोटा कॅमेरा तो उजेड टिपतो आणि आतल्या बारीक पडद्यावर चित्र दाखवतो. म्हणजे ही न दिसणारी विजेरीच. विजेरी पोचेल तेवढंच दिसणार. आमच्या खळ्याला ती पुरते. कलमांच्या बागेत दुसऱ्या-तिसऱ्या झाडापलीकडे काळोख, आणि रानडुक्कर काय तुमच्याजवळ येऊन उभं राहणार आहे?

पावसात तर विचारूच नका. जून महिन्यात पडवीतून बाहेर पाहिलं तर समोर नुसत्या पांढऱ्या रेघा. थेंबांवरून उजेड परत येतो, मागचं काही दिसत नाही. धुक्यातही तेच. खिडकीच्या काचेमागून पाहिलंत तर आपलाच दिवा डोळ्यावर येतो. उलट कोरड्या रात्री जनावरांचे डोळे फार सुरेख दिसतात, कारण मांजर, कांडेचोर, बिबट्या यांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला उजेड परत फेकणारा थर असतो. त्या एका गोष्टीसाठी मी आजही तो कपाटातून काढतो.

संग्रहासाठी घेत असाल तर मात्र जरूर बघा, पण आधी सेलचा कप्पा उघडा. आपल्याकडची खारी हवा या वस्तूंची वैरीण आहे. मी एका पावसाळ्यात सेल आत तसेच विसरलो. गणपतीत काढला तेव्हा सेल फुटून पट्ट्यांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड बसली होती. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने ती साफ केली, मग बारीक पॉलिश पेपर फिरवला, तेव्हा कुठे तो पुन्हा सुरू झाला. पट्ट्या पूर्ण झिजल्या असत्या तर गेलाच होता. तेव्हापासून सेल वेगळे, गॉगल घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसली तर ती बुरशी. मग भाव पाडूनच बोला.

दिवसा बघायला जाऊ नका, सूर्य मावळल्यावर जा. ताजे सेल आपले न्या. टीव्हीचा रिमोट गॉगलसमोर धरून बटण दाबा, रिमोटचं टोक लुकलुकताना दिसलं म्हणजे कॅमेरा शाबूत आहे. मग पूर्ण अंधार करून बघा. रिमोट दिसतोय पण खोली दिसत नाही, असं असेल तर एलईडी गेलेत. डोक्यावरचा पट्टा ताणून पाहा. आणि मुंडकं सोबत देणार आहेत का, हे नक्की विचारा. ते नसेल तर संग्रहाच्या दृष्टीने वस्तू अर्धीच आहे, तेवढ्याच हिशेबाने पैसे द्या.