सोलापूरहून चादरी-टॉवेल पाठवतो, बिल टॅलीत आणि कुरिअरची एन्ट्री हाताने. हे एपीआयने जोडता येईल का?

तुम्ही लिहिलंय की ऑर्डरी वेबसाइट आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, बिल टॅलीत होतं आणि मग एक मुलगा बसून तेच नाव-पत्ता-पिनकोड परत कुरिअरच्या पोर्टलवर टाइप करतो. जोडता येतं, नक्की येतं; एपीआय म्हणजे दोन सॉफ्टवेअरनी मधे माणूस न बसवता एकमेकांना माहिती द्यायची-घ्यायची सोय. मी हेच काम करतो, लहान व्यापाऱ्यांचं सॉफ्टवेअर कुरिअरला जोडून द्यायचं, आणि माझं ठाम मत आहे की टॅली आणि कुरिअर थेट एकमेकांना बांधू नका, मधे स्वतःचा एक छोटा डेटाबेस ठेवाच.

कारण साधं आहे. टॅलीप्राइममधून एक्सएमएलने (दुसऱ्या प्रोग्रामला वाचता येईल अशा मजकुराच्या साच्यात) बिल बाहेर काढता येतं, सहसा पोर्ट ९००० वर (पोर्ट म्हणजे पीसीवरचं प्रोग्रामशी बोलायचं दार), पण त्यासाठी तो पीसी चालू आणि त्यावर कंपनी उघडलेली लागते. कुरिअरचे अपडेट मात्र रात्री-अपरात्री, रविवारी कधीही येतात, तेव्हा दुकानाला कुलूप असतं. म्हणून अपडेट आधी सर्व्हरवर जमा करायचे आणि सकाळी टॅली उघडलं की तिथून आत घ्यायचे.

ऑर्डर कुरिअरकडे जाण्याचा भाग सोपा आहे. पिनकोडला सर्व्हिस आहे का विचारायचं (सीओडी, म्हणजे माल हातात पडल्यावर पैसे, चालतं का ते वेगळं बघा, काही गावांना प्रीपेड जातं पण सीओडी जात नाही), ऑर्डर पाठवायची, एडब्ल्यूबी नंबर (त्या पार्सलचा ट्रॅकिंग नंबर) येतो, लेबलची पीडीएफ येते, पिकअप लावायचा. इथे एकच गोष्ट डेव्हलपरला बजावून सांगा. रिक्वेस्ट गेली, कुरिअरकडे नंबर तयार झाला आणि उत्तर यायच्या आत नेट गेलं, तर तुमचा प्रोग्राम समजतो की काम झालंच नाही आणि परत पाठवतो, मग एकाच बिलाचे दोन एडब्ल्यूबी, दोन लेबलं, आणि पॅकिंगवाला कुठलं चिकटवणार? त्यामुळे बिल नंबर हाच रेफरन्स म्हणून पाठवायचा आणि दुसऱ्यांदा पाठवण्याआधी या रेफरन्सवर काही बनलंय का ते विचारायचं.

चादरीवाल्यांनी वजनाकडे नीट बघावं. ४० × ३० × २५ सेंमीचा बॉक्स घ्या, गुणाकार ३०,०००, बहुतेक कुरिअर त्याला ५००० ने भागतात म्हणजे ६ किलो, मग आत माल साडेतीन किलोचा का असेना पैसे ६ किलोचे लागतात. सरफेसला (रस्त्याने जाणाऱ्या मालाला) भागायचा आकडा काहींचा वेगळा असतो, तो करारात बघून घ्या. प्रत्येक आयटमचं बॉक्सचं माप डेटाबेसमध्ये ठेवा आणि ऑर्डरसोबत तेच पाठवा, म्हणजे नंतर वजनावरून वाद झाला तर हातात काहीतरी असतं.

आता खरं काम, स्टेटस. प्रत्येक कुरिअरची भाषा वेगळी, म्हणून आपले आठ-दहा स्टेटस ठरवायचे आणि त्यांचे कोड त्यात बसवायचे, मूळ कोड मात्र जसाच्या तसा जपून ठेवायचा. उदाहरण देतो, डेल्हीवरी या कुरिअर कंपनीच्या एपीआयमध्ये स्टेटस टाइप ‘डीएल’ गिऱ्हाइकाला माल मिळाला तरी येतो आणि माल परत तुमच्याकडे येऊन पोचला तरी येतो, फरक फक्त शेजारच्या स्टेटसमध्ये, एकात ‘डिलिव्हर्ड’ आणि दुसऱ्यात ‘आरटीओ’ (रिटर्न टू ओरिजिन, म्हणजे पाठवणाऱ्याकडे परत). नुसतं डीएल बघून टॅलीत विक्री पक्की केलीत तर परत आलेल्या चादरी स्टॉकमध्ये कधी चढणारच नाहीत आणि हिशोब महिनाअखेरीला कुणालाच लागणार नाही. सीओडीचंही तसंच, कुरिअर बऱ्याच पार्सलांचे पैसे एकगठ्ठा बँकेत टाकतं, ते एडब्ल्यूबीनुसार फोडून बिलाला लावणं हा सगळा खटाटोप करण्याचा सगळ्यात मोठा फायदा आहे, टायपिंग वाचतं त्यापेक्षा कितीतरी मोठा.

थेट कुरिअर की शिपरॉकेटसारखा अ‍ॅग्रिगेटर (अनेक कुरिअर एकाच ठिकाणी देणारी कंपनी)? रोजची पार्सलं थोडी असतील तर अ‍ॅग्रिगेटर घ्या, एका एपीआयवर बरेच कुरिअर मिळतात. शिपरॉकेटचं टोकन (एपीआय वापरायची तात्पुरती किल्ली) १० दिवसांनी संपतं, तेव्हा ते आपोआप नवं घेण्याची सोय पहिल्याच दिवशी करा. व्यापाऱ्यांना परराज्यात ५०,००० रुपयांच्या वरचा माल जात असेल तर ई-वे बिलाचा (जीएसटीखाली मालवाहतुकीसाठी काढायच्या ऑनलाइन परवान्याचा) नंबरही ऑर्डरसोबत पाठवावा लागतो, त्याची जागा डेटाबेसमध्ये आत्ताच ठेवा.

आणि चालू करण्याआधी नुसत्या टेस्टिंगच्या टोकनवर खोट्या ऑर्डरी टाकून थांबू नका. पुण्या-मुंबईतल्या ओळखीच्या दोघांना खरी सीओडी पार्सलं पाठवा, एकाला घ्यायला सांगा आणि दुसऱ्याला कुरिअरवाला आला की नको म्हणायला सांगा, मग ते दुसरं पार्सल परत सोलापुरात येईपर्यंत तुमच्या डेटाबेसमध्ये आणि टॅलीत काय काय नोंदी पडतात ते रोज बघा.