श्रावण पाळायचाय, पण हात थरथरतात

प्रश्न : वय ४३, चाकणला कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर आहे. चार वर्षांपूर्वी कामाचं टेन्शन वाढलं, तेव्हापासून रात्री जेवणाआधी थोडी व्हिस्की घेऊ लागलो. आधी साठ मिलि पुरायची, आता क्वार्टरशिवाय झोप लागत नाही. तरीही पहाटे तीनला छाती धडधडत जाग येते. सकाळी चहाचा कप धरताना हात हलतो. यंदा गटारी झाली की एकदम बंद करून श्रावण पाळायचं ठरवलंय. चालेल ना?

उत्तर : बंद करा, पण असं एकट्याने आणि एकदम नको. कप हलतोय म्हणजे शरीराला रोजच्या दारूची सवय लागली आहे. ती अचानक तुटली की शेवटच्या पेगनंतर सहा ते चोवीस तासांत घाम, मळमळ, थरकाप सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, वेळकाळ कळत नाही, ताप चढतो. यात जीवही जाऊ शकतो. गटारीला नेहमीपेक्षा जास्त पिऊन दुसऱ्या दिवशी शून्यावर येणं तर सगळ्यात वाईट. त्यात घरचे ‘उपवासाने अशक्तपणा आला असेल’ म्हणून लिंबूपाणी देत बसतात आणि मोलाचे तास जातात.

श्रावणाच्या आधीच जिल्हा रुग्णालयातल्या किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाला गाठा. रोज किती, किती वर्षं, शेवटचा पेग कधी, पूर्वी फिट आली होती का, बीपी-शुगरच्या गोळ्या कोणत्या, हे खरं सांगा. अर्धंच सांगितलंत तर डोसही अर्धाच बसेल. साधारण आठवडाभर उतरत्या मात्रेत गोळ्या आणि सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देतात. फिटचा इतिहास असेल तर भरती करून घेतात. तोवर स्वतःहून बंद करू नका, आणि मित्राकडची झोपेची गोळी दारूवर तर मुळीच घेऊ नका. दोन्ही मिळून श्वास मंदावतो.

आता तीनची जाग. क्वार्टर म्हणजे १८० मिलि, त्यात सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम निपटतं, म्हणजे नऊला घेतलेली दारू पहाटे उतरत येते. दारू मेंदूला गुंगवते. रोज गुंगवलं की मेंदू तोल सांभाळायला स्वतःची चेतना वाढवून ठेवतो. दारू उतरते, वाढवलेली चेतना तशीच राहते. तीच धडधड, तेच मीटिंगचे विचार. तुम्ही त्याला कामाचं टेन्शन म्हणता. त्यातलं बरंचसं कालच्या क्वार्टरचं आहे. साठवरून १८० वर आलात तेही यामुळेच.

बंद केल्यावर पहिले एक-दोन आठवडे झोप आणखी बिघडते. ‘दारूशिवाय जमतच नाही’ असं वाटून बरेच जण इथेच परततात, म्हणून हे आधीच माहीत असू द्या. तलफ बहुधा वीस-तीस मिनिटांत ओसरते. घरी पोचताच आधी पोटभर जेवा, कारण रिकाम्या पोटी ती जास्त छळते. संध्याकाळनंतर चहा नको. दुकान लागतं तो रस्ता महिनाभर बदला. मन मोकळं करायला टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. फिट किंवा भ्रम झाला तर मात्र थेट १०८.

प्रश्न : नवरा ऐकत नाही. दारू सोडवणारी गोळी त्यांच्या नकळत भाजीत मिसळून देऊ का?

उत्तर : नाही. अशा गोळीत बहुधा डायसल्फिराम असतं. त्यावर दारू गेली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयविकार असेल तर मृत्यूही येऊ शकतो. ज्याला माहीतच नाही, तो नेहमीइतकीच पिणार. तपासण्या करून, त्यांच्या संमतीने आणि शेवटच्या पेगला किमान बारा तास उलटल्यावरच ती सुरू करतात. त्यांनी होकार दिला तर रोज सकाळी ती तुमच्यासमोर घ्यायला लावा. तुमची खरी मदत तिथे आहे. आधीच मिसळून देत असाल तर लगेच थांबवा आणि डॉक्टरांना व त्यांनाही सांगा, कारण गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत दारूवर तीच प्रतिक्रिया येऊ शकते.