तापलेला चुना, गार पडलेला ड्रम आणि पेटवलेलं पाचट

प्रश्न (तासगाव तालुका, द्राक्ष): ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनीसाठी (पानांवरच्या बुरशीच्या रोगासाठी) बोर्डो (मोरचूद-चुन्याचं फवारणीचं मिश्रण) घरीच करतो. यंदा मिश्रण काळपट पडलं, खाली गाळ बसला, नोझल सारखे तुंबतात. मोरचूद भेसळीचा असेल का?

भेसळ असूही शकते, पण मला आधी सांगा, चुना गार होऊ दिला होता का? या मोसमात ज्या ज्या बागेत ही तक्रार बघितली, तिथं बहुतेक वेळा गडबड चुन्याचीच निघाली. एका बागेत तर वाफा निघणारा चुना तसाच मोरचुदाच्या पाण्यात ओतलेला मी डोळ्यांनी पाहिला. "गरम असताना टाका, लगेच एकजीव होतं," असं दुकानातून सांगितलं होतं म्हणे. हे साफ चुकीचं आहे.

चुनकळीवर (न विझवलेल्या चुन्यावर) पाणी पडलं की नुसती विरघळण्याची क्रिया होत नाही, ती रासायनिक अभिक्रिया असते आणि ती उष्णता बाहेर टाकते. एक किलो चांगली चुनकळी विझताना साधारण ११५० किलोज्यूल उष्णता निघते. तीन लिटर पाण्यात विझवली तर पाण्याला उकळी फुटते. तीच दहा लिटरमध्ये विझवली तर तापमान पंचवीस अंशांच्या आसपास चढतं. चुना तोच, उष्णताही तेवढीच, फक्त ती किती पाण्यात वाटली गेली एवढाच फरक.

आता मोरचूद आणि चुना एकत्र आले की निळा, मऊ, तरंगणारा साका तयार होतो. पानावर चिकटून राहतो तो हाच. मिश्रण गरम असेल तर साका जाडाभरडा होतो, तळाशी बसतो आणि जास्त तापला तर काळा पडतो, कारण मोरचुदातल्या तांब्याचं हायड्रॉक्साइड उष्णतेनं मोडून काळं ऑक्साइड होतं. तुमच्या पिंपातला काळपटपणा तोच. ते मिश्रण बागेवर मारू नका, त्यात पुन्हा मोरचूद टाकून सुधारायलाही जाऊ नका.

मी सगळ्यांना एकच पद्धत सांगतो आणि सांगतच राहणार: आदल्या संध्याकाळी तयारी करा. एका पिंपात ५० लिटर पाणी घ्या, १ किलो मोरचूद फडक्याच्या पुरचुंडीत बांधून पाण्याच्या वरच्या थरात टांगा, सकाळपर्यंत विरघळतो. चुनकळी वेगळ्या भांड्यात थोडं थोडं पाणी घालून विझवा, रात्रभर निवू द्या, सकाळी गाळून पाणी ५० लिटर करा. भांड्याला बाहेरून हात लावा. कोमट लागलं तर थांबा. मगच दोन्ही पाणी तिसऱ्या पिंपात एकाच वेळी ओता, काठीनं ढवळत. पिंप प्लास्टिकचं घ्या, लोखंडी अजिबात नको. शेवटी घासलेला लोखंडी विळा मिनिटभर बुडवून काढा. पात्यावर तांबूस थर चढला तर तांबं मोकळं आहे, आणखी चुन्याचं पाणी घाला. थर येईनासा झाला की मिश्रण तयार, आणि ते त्याच दिवशी संपवा.

चुनकळीवर पाणी घातल्यावर ती तापलीच नाही, तर ती हवेतल्या दमटपणानं आधीच विझलेली आहे. उघड्या पोत्यातली चुनकळी घेऊ नका, दुकानदार काहीही म्हणो. विझवताना चष्मा लावा. चुना डोळ्यात उडाला तर चोळू नका, स्वच्छ पाण्यानं किमान १५ ते २० मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

आणि मात्रा! वरचं १ किलोला १०० लिटर म्हणजे एक टक्का. "दोन टक्के मारा, डाऊनी जागेवर थांबेल" हा सल्ला फिरतोय. कोवळ्या फुटीवर दोन टक्के म्हणजे पानं जाळून घेणं. कोवळ्या फुटीवर अर्ध्या टक्क्याच्या वर जाऊ नका. पानं ओली असताना, ढगाळ गार हवेत फवारा सुकत नसताना बोर्डो मारू नका. त्यात दुसरं कीटकनाशक मिसळू नका, चुन्यामुळं कितीतरी औषधं मोडतात. हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कुणीतरी मिसळतंच.

प्रश्न (पलूस): पहाटे ठिबकसाठी १३:०:४५ ड्रममध्ये टाकलं की ड्रम बाहेरून घामेजतो आणि खत तळाशी राहतं. दुकानदार म्हणतो खतात दम नाही, दुप्पट टाका.

खतात दम आहे, दुप्पट टाकण्याची गरज नाही. इथं चुन्याच्या उलट घडतंय. १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ते विरघळताना उष्णता ओढून घेतं, किलोमागं सुमारे ३४५ किलोज्यूल. ती ड्रममधल्या पाण्यातूनच जाते, म्हणून पाणी गार पडतं आणि हवेतली वाफ ड्रमवर घामासारखी जमते. पाणी गार पडलं की खत कमी विरघळतं: २० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात साधारण ३१ ग्रॅम, १० अंशांना जेमतेम २१. वीस लिटरात पाच किलो टाकलंत तर तळाशी खडे राहणारच. त्यावर आणखी पाच किलो ओतलं तर ते फिल्टरमध्ये अडकेल, आणि पुढं पाणी तापल्यावर एकदम विरघळून मुळांवर जाईल ते वेगळं. युरियाही पाणी गार करतो, म्हणून दोन्ही एकाच वेळी टाकू नका.

ड्रम दुपारी भरा, ऊन लागू द्या. पाच किलोला किमान ४० ते ५० लिटर पाणी घ्या, थोडं थोडं टाकत ढवळा, गाळा, मगच व्हेंच्युरी (खत ठिबकच्या पाण्यात ओढणारा भाग) सुरू करा. पहाटे विरघळवण्याचा हट्ट सोडा.

ठिबकच्या अनुदानाबद्दल त्यांनीच विचारलंय. केंद्राच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के. राज्याची पूरक रक्कम वेगळी. अर्ज महाडीबीटीवर, बाकी कृषी सहायकाला विचारा.

प्रश्न (कराड): ठिबकच्या नळ्या आम्लानं धुताना काय जपायचं?

आम्ल पाण्यात, हळूहळू. पाणी आम्लात कधीच नाही. तीव्र गंधकाम्लात पाणी ओतलं तर उष्णता इतकी झटक्यात निघते की वरचं पाणी उकळून तोंडावर उडतं. "थोडंसं पाणी टाकून बघा" म्हणणाऱ्या दुकानदाराला स्वतःच्या हातानं करायला सांगा. ब्लीचिंग पावडर आणि आम्ल एका दिवशी, एका ड्रममध्ये नको, क्लोरीन वायू निघतो. हातमोजे, चष्मा, मोकळी हवा.

प्रश्न (कराड, खोडवा म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेला ऊस): पाचट (उसाची वाळलेली पानं) पेटवलं तर शेत लवकर रिकामं होतं. कुजायला उगाच वेळ का घालवायचा?

वाळलेल्या पाचटाच्या किलोमागं १५ हजार किलोज्यूलहून जास्त उष्णता असते. पेटवलं की ती तासाभरात आभाळात जाते आणि वरचा जमिनीचा थर भाजतो. कुजवलं तर कुजलेल्या भागातून निघणारी उष्णता तेवढीच असते, पण ती जंतू महिनोन्‌महिने थोडी थोडी वापरतात, आणि न कुजलेला भाग सेंद्रिय कर्ब म्हणून जमिनीत राहतो.

पाचट सरीत पसरा. एका टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू कल्चर टाका, मग पाणी द्या. कल्चर युरियाबरोबर एकाच बादलीत कालवू नका, आधी खत, मग कल्चर. युरिया पोत्यानं ओतायचा नाही. बुडखे जमिनीलगत छाटून घ्या, त्यावर पाचट येऊ देऊ नका, नाहीतर फुटवा कोंडतो.