गिअरबॉक्स खोलायच्या आधी आवाज ओळख

नुसतं "आवाज येतोय" सांगून गाडी गॅरेजला लावू नकोस, मेस्त्री अंदाजानं काहीतरी उघडून बसेल. सपाट जागेवर हँडब्रेक ओढ, गिअर न्यूट्रलला, एसी बंद, काचा खाली, इंजिन चालू. आता क्लच सावकाश दाब. दाबल्यावर घरघर सुरू झाली तर बहुधा रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं बेअरिंग) गेलंय. उलट, पाय वर असताना घरघर आणि पूर्ण दाबला की गप्प, तर संशय इनपुट शाफ्टच्या (इंजिनची फिरकी गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर. क्लच दाबला की तो शाफ्ट फिरायचा थांबतो. गिअर ऑइल कमी आहे का तेही बघ, ते स्वस्तातलं काम आहे.

रिलीज बेअरिंग बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. मग क्लच प्लेट झिजत आली असेल तर पूर्ण सेटच टाक, नाहीतर मजुरी दुसऱ्यांदा जाणार.

वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं वेगळी. साताऱ्याहून कासला जाताना यवतेश्वर घाटात वळणावर कान दे. उजव्या वळणाला वाढली तर बहुतेक डाव्या चाकाचं बेअरिंग, कारण भार तिकडे जातो. पण वेडावाकडा झिजलेला टायरही हुबेहूब असाच ओरडतो; पुढचे-मागचे टायर आपसात बदलून बघ, आवाजाची जागा बदलली तर बेअरिंगला हात लावू नकोस.

स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना टक-टक आली तर सीव्ही जॉइंट, म्हणजे वळणाऱ्या चाकाला फिरकी पोचवणारा सांधा. चाकामागे वाकून बघ: त्या सांध्यावरचा रबरी बूट (आवरण) फाटून रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसेल.