उत्तरेचा गारठा आणि फिरणारा वारा : वाचकांचे प्रश्न

फेब्रुवारीच्या मध्यानंतर उत्तर भारतात एकामागोमाग एक पश्चिमी झंझावात येऊ लागले की कोल्हापुरात पहाटे स्वेटर आणि दुपारी पंखा असे दिवस सुरू होतात. या दिवसांत आपल्याकडे शेताचे नुकसान थंडीने कमी होते. थंडी मोडताना वारा फिरतो, तेव्हा ते जास्त होते. त्यामुळे पुढच्या उत्तरांत वाऱ्याची दिशा वारंवार येईल.

प्रश्न : काश्मीरमध्ये बर्फ पडल्याची बातमी आली की आपल्याकडे थंडी किती दिवसांनी येते? कधी येते, कधी येतच नाही, असे का? (करवीर)

झंझावात भूमध्य समुद्राच्या बाजूने येतो आणि हिमालयात बर्फ, पंजाब-राजस्थानकडे पाऊस देऊन पूर्वेला निघून जातो. तो स्वतः कोल्हापूरपर्यंत येत नाही. आपल्याकडे येते ती त्याच्या पाठीमागची कोरडी हवा. राजस्थान, गुजरात, खानदेश असा प्रवास करत ती साधारण दोन-तीन दिवसांनी पोहोचते आणि वाटेत बरीच तापलेली असते. म्हणून निफाडला हुडहुडी भरते त्या दिवशी आपल्याकडे नुसता गारवा असतो.

अंदाज बांधायचा असेल तर आधी नाशिक आणि पुण्याचे किमान तापमान पाहा. तिथे पारा घसरला आणि आपल्याकडचा वारा उत्तर किंवा ईशान्येचा असेल, तर एक-दोन दिवसांत गारठा येणार. वारा आग्नेयेचा असेल तर बंगालच्या उपसागरावरचे बाष्प येते, ढग धरतात आणि पहाटेचा पारा उलट चढतो.

झंझावातांची रांग लागली की हेच चक्र पुन्हा पुन्हा फिरते. पुढचा जवळ येताना वारा दक्षिणेकडे झुकतो आणि उबारा वाढतो, तो गेला की पुन्हा उत्तरेचा वारा सुटतो. अधल्यामधल्या उबाऱ्याला ‘थंडी संपली’ समजून कोंबड्यांच्या शेडचे पडदे काढून ठेवू नका.

मार्च लागताना कोल्हापुरात भरदुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ६५ अंश वर असतो. जमीन तापायला एवढे ऊन पुरते. त्यामुळे पहाटे १३-१४ आणि दुपारी ३२-३३ हे एकाच दिवशी घडते, त्यात विचित्र काही नाही.

प्रश्न : पारा १३ वर आला तरी ‘थंडीची लाट’ म्हणतात. ते बरोबर आहे का? (कोल्हापूर शहर)

नाही. भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली गेले पाहिजे आणि ते सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी कमी असले पाहिजे. फरक ६.४ अंशांपेक्षा जास्त असेल तर तीव्र लाट. पारा थेट ४ अंशांवर किंवा खाली गेला तर फरक न पाहता लाट धरतात. शिवाय एकाच हवामान उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस अशी स्थिती लागते. कोल्हापूर ‘मध्य महाराष्ट्र’ या उपविभागात मोडते. इशारा नाशिक-जळगावसाठी असला तरी उपविभागाच्या नावाने वाचताना तो आपल्यालाच दिल्यासारखा वाटतो. म्हणून नेहमी जिल्हानिहाय तक्ता पाहावा.

प्रश्न : मोबाइलवर १५ अंश दिसते, पण पंचगंगेकाठच्या आमच्या मळ्यात त्याहून जास्त गारठा असतो. पन्हाळा उंच असूनही तिथे कमी थंडी वाजते. खरे काय? (पन्हाळा)

दोन्ही अनुभव खरे आहेत. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर रात्री जमीन झपाट्याने उष्णता सोडते. तिला टेकलेली हवा गार होते, जड होते आणि उतारावरून खाली नदीच्या खोऱ्यात साचते. गडावर ती टिकत नाही, निसटून जाते. दुपारी मात्र उंचीचा नियम चालतो आणि पन्हाळाच थंड असतो. मोबाइलवरचा आकडा कित्येक किलोमीटरच्या चौकोनाचा असतो, त्यात तुमचा नदीकाठ वेगळा दिसत नाही.

यावर उपाय म्हणजे स्वतःची नोंद. किमान तापमान दाखवणारा तापमापक जमिनीपासून चार फुटांवर, सावलीत, वारा खेळेल अशा जागी लावा. भिंत, पत्रा आणि विहिरीचा कठडा यांपासून तो लांब हवा. पारा सर्वांत खाली जातो तो सूर्योदयाच्या सुमारास, म्हणून आठ वाजता आकडा लिहून तापमापक पुन्हा शून्यावर न आणता चालू तापमानावर आणून ठेवा. शेजारी शहराचा आकडा आणि रात्री वारा होता की नव्हता, एवढेच लिहा. दहा-पंधरा शांत रात्रींत तुमच्या मळ्याचा फरक कळेल. तो ३ अंश निघाला, तर पुढे प्रत्येक निरभ्र, निवांत रात्रीच्या अंदाजातून ३ वजा करा. ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री वजाबाकी करू नका.

हवामानाच्या अॅपमध्ये ‘दवबिंदू’ (हवेतल्या बाष्पाचे दव होऊ लागते ते तापमान) दिसत असेल तर संध्याकाळी सात वाजता तोही पाहा. तो १६-१७ असेल तर पारा त्याच्या फार खाली जात नाही, कारण दव पडताना उष्णता मोकळी होते. तो ६-८ असेल तर घसरण रोखणारे काही नसते.

प्रश्न : फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ‘सुरू’ हंगामाच्या उसाची लागण केली. तीन आठवडे झाले, उगवण तुरळक आहे. पाणी वाढवावे की युरिया टाकावा? (शिरोळ)

दोन्ही नको. उसाचा डोळा फुटायला २७ ते ३३ अंश तापमान मानवते. २० च्या खाली उगवण रेंगाळते. एरवी महिन्याभरात पूर्ण होणारी उगवण गारठ्यात चाळीस-पंचेचाळीस दिवस घेते. वारंवार पाणी दिल्याने माती आणखी गार राहते, हवा कोंडते आणि कांडी कुजते. शिरोळच्या भारी काळ्या जमिनीत हे हमखास घडते. वाफसा आल्याशिवाय, म्हणजे पाणी मुरून माती मोकळी झाल्याशिवाय, पुढचे पाणी देऊ नका आणि देताना हलके द्या. युरियाचे तर मुळे चालू होईपर्यंत कामच नाही.

नुसते वाट पाहण्यापेक्षा कांड्या उकरून बघा. शेताच्या चार-पाच जागी, प्रत्येक ठिकाणी पाच-सहा कांड्या हलक्या हाताने वर काढा आणि डोळा ब्लेडने उभा चिरा. आत पांढरट-पिवळसर आणि रसरशीत दिसला तर तो जिवंत आहे, ऊब मिळाली की फुटेल. तपकिरी, कोरडा असेल तर गेला. कांडीच उभी चिरल्यावर आतला गर लालसर, पुढे काळपट झालेला आणि पिकलेल्या अननसासारखा वास येत असेल, तर तो अननस रोग आहे. गार, ओल्या मातीत रेंगाळलेल्या कांडीला तो गाठतो. बेणेप्रक्रिया (लावण्याआधी कांड्या औषधात बुडवणे) न केलेल्या लागणीत त्याचा धोका जास्त.

जिवंत डोळे बहुसंख्य असतील तर लागणीपासून सहा आठवडे होईपर्यंत थांबा. गेलेल्यांचे प्रमाण मोठे असेल तर नांग्या (न उगवलेल्या रिकाम्या जागा) भरायला ट्रेमधली रोपे आताच सांगून ठेवा. नांग्या कांडीने भरू नका, ती मागे पडते आणि शेजारचा ऊस तिला दाबतो.

प्रश्न : हापूसला कैरी धरली आहे आणि पुन्हा थंडी आली. आता नवा मोहोर येऊन फळगळ होईल का? (आजरा)

होण्याची भीती खरी आहे. फळधारणेनंतर लांबलेली थंडी पडली की हापूसमध्ये पुनर्मोहोर येतो, झाडाचे अन्न तिकडे वळते आणि वाटाण्याएवढी कैरी गळते. हे टाळण्यासाठी जिबरेलिक आम्ल (झाडाची वाढ नियंत्रित करणारे संजीवक) ५० पीपीएम, म्हणजे २० लिटर पाण्यात १ ग्रॅम, अशी फवारणी करतात. पहिली फवारणी मोहोर पूर्ण फुलल्यावर आणि दुसरी फवारणी कैरी वाटाण्याएवढी असताना. पावडर पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाण्यात मिसळावी. नवा मोहोर बाहेर पडल्यानंतर फवारणीचा खर्च वाया जातो.

काजूची बाग असेल तर थंडीपेक्षा त्यानंतरच्या ढगाळ दिवसांत ढेकण्या या रस शोषणाऱ्या किडीकडे लक्ष द्या. कोवळ्या पालवीवर आणि मोहोरावर काळे चट्टे दिसू लागले की तो आला असे समजा.

प्रश्न : हरभरा काढायला आलाय, हळद शिजवून वाळत घातली आहे. ‘तुरळक ठिकाणी गारपीट’ असा इशारा आहे. थांबावे का? (हातकणंगले)

हरभऱ्याचे घाटे वाळले असतील तर थांबू नका. ‘तुरळक ठिकाणी’ याचा अर्थ उपविभागातील २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के. पाऊस किती पडेल हे त्या शब्दांत नसते. तुरळक गारपीट ज्याच्या शिवारावर पडते त्याचे पीक पुरतेच झोडपले जाते.

कारण असे : उत्तरेकडून कोरडा वारा आणि आग्नेयेकडून बाष्पाचा वारा महाराष्ट्रावर भिडतात, जमीन तापलेली असते आणि झंझावातामुळे वरच्या थरात हवा गार झालेली असते. ढग उंच वाढतो आणि गार वितळायच्या आत जमिनीवर येते. २०१४ च्या फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्यापर्यंत महाराष्ट्रात झालेली प्रचंड गारपीट अशाच जुळणीतून झाली. दोन दिवस गारठा, मग वारा पूर्व-आग्नेयेला फिरला, दुपारी उकाडा आणि पश्चिम घाटावर कोबीसारखे वाढणारे ढग : एवढे दिसले की त्याच दिवशी सावध व्हा.

काढलेला हरभरा दगड-बांबूच्या उंचवट्यावर रचा, ताडपत्री उताराने टाका आणि बाजू मोकळ्या ठेवा. ओल्या मालावर प्लास्टिक घट्ट आवळले की आत घाम धरून दाणे काळे पडतात. हळदीवर रोज संध्याकाळीच ताडपत्री ओढा, कारण पाऊस नसला तरी दवाने ती पुन्हा ओलावते. ऊन नीट चढल्यावर उघडा.

दुपारनंतर गोव्याच्या डॉप्लर रडारचे चित्र हवामान विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येते, कोल्हापूर त्याच्या टप्प्यात आहे. विजेसाठी ‘दामिनी’ अॅप ठेवा. पिकांचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, तो ‘मेघदूत’ अॅपवर मिळतो. घाटे अजून वाळले नसतील तर काढणीचा दिवस त्या दोन वारांना धरून ठरवा.

प्रश्न : गुऱ्हाळघरात ठेवलेले गुळाचे रवे (ढेपा) मध्येच ओलसर का होतात? (कागल)

उत्तरेचा कोरडा वारा असेपर्यंत काही होत नाही. वारा फिरून हवेतला दमटपणा वाढला की गूळ तो ओढून घेतो आणि पाझरू लागतो. अशा दिवशी खोलीची दारे-खिडक्या बंद ठेवा, रवे जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवा आणि नवा गूळ पूर्ण निवल्याशिवाय बांधू नका.

प्रश्न : दम्याच्या रुग्णाने या दिवसांत रंकाळ्यावर पहाटे फिरावे का? (कोल्हापूर शहर)

निवांत, गार पहाटे धूर आणि धूळ जमिनीलगतच कोंडून राहतात. पाचट किंवा कचरा जळत असेल तर त्यात भरच पडते. ऊन चढून हवा हलू लागते ती साधारण साडेआठनंतर. तेव्हा निघावे, नाहीतर संध्याकाळी सूर्य मावळण्याआधी फिरून यावे. थंड हवेत नाकाने श्वास घ्यावा, नाका-तोंडावर मफलर असावा आणि डॉक्टरांनी दिलेला पंप खिशात असावा.