पृथ्वीचं वय शास्त्रज्ञ कसं काढतात? तेव्हा कोण होतं बघायला?

प्रश्नाचा दुसरा भाग झोंबला म्हणून लिहितोय. मी भूशास्त्रात एम.एस्सी. केलं, नोकरीभर बोअर-विहिरींसाठी जमिनीखालचं पाणी शोधलं, आणि हेच वाक्य वर्षानुवर्षं आमच्या भावजींकडून ऐकलं. ते शिवाजीनगर कोर्टात वकील.

भाचीची बारावी झाली तेव्हाची गोष्ट. तिला भूशास्त्र घ्यायचं होतं. एका सकाळी आम्ही तिघं वेताळ टेकडीवर गेलो. जुन्या खाणीपाशी मी तिला काळ्या दगडातली बोराएवढी पोकळी दाखवली, आत झिओलाइटचे पांढरे, सुईसारखे स्फटिक. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकले, पुढे झिरपणाऱ्या पाण्यातून खनिजं येऊन त्यात साचली. पोरगी बोट फिरवून बघत होती. भावजींनी विचारलं, “दगड किती जुना?” म्हटलं, साधारण ६.६ कोटी वर्षं. “आणि पृथ्वी ४५४ कोटी? मग उरलेल्या काळाचा साक्षीदार कुठाय? सगळं अंदाजपंचे दाहोदरसे!” आणि मुलीकडे वळून, “यात करिअर करणार तू?” टेकडी उतरेपर्यंत मला बोलू दिलं नाही. भाची कॉम्प्युटरला गेली.

तर साक्षीदार. पुण्याखालचा बेसॉल्ट, म्हणजे टेकडीवरचा तो काळा दगड, पृथ्वीच्या मानाने कालचा, त्यावरून पृथ्वीचं वय कोणीच काढत नाही. पृथ्वीचे पहिले खडक शिल्लकच नाहीत, वितळून, गाडले जाऊन संपले. पण पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये झिरकॉन नावाच्या खनिजाचे कण सापडले, त्यातला सर्वांत जुना सुमारे ४४० कोटी वर्षांचा. झिरकॉन तयार होताना युरेनियम आत घेतो, शिसं जवळपास घेतच नाही. म्हणजे आज आत जे शिसं दिसतं ते युरेनियमच्या क्षयातूनच आलेलं; युरेनियम ठरलेल्या वेगाने आपोआप मोडत जाऊन शेवटी शिसं होतं. युरेनियमचे दोन प्रकार: युरेनियम-२३८ निम्मं व्हायला ४४७ कोटी वर्षं लागतात, युरेनियम-२३५ ला ७०.४ कोटी. एकाच कणात दोन वेगळी घड्याळं, आणि दोन्ही एकच वेळ दाखवतात. कोर्टात खून पाहणारा कोणी नसला तरी परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी जुळली की शिक्षा होते. हे भावजींना मी शिकवायला नको.

पृथ्वीच्या वयाचा मूळ आकडा आला उल्कांवरून. क्लेअर पॅटरसन या अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञाने ॲरिझोनातल्या कॅन्यन डायब्लो उल्केतलं शिसं मोजलं. तिच्यातल्या लोह-सल्फाइडमध्ये युरेनियम नगण्य, त्यामुळे तिथलं शिसं सूर्यमाला घडतानाचं, जसंच्या तसं. इतर उल्कांतल्या आणि समुद्रतळाच्या गाळातल्या शिशाशी त्याची तुलना केली, युरेनियममुळे किती भर पडली ते काढलं, आणि १९५६ मध्ये उत्तर छापलं: ४५५ कोटी. हवेतलं शिसं नमुन्यात मिसळू नये म्हणून त्याने प्रयोगशाळा अक्षरशः घासून काढली, आणि त्या हवेत शिसं कुठून येतं याच्या मागे लागून पुढे शिसं घातलेल्या पेट्रोलविरुद्ध उभा राहिला. याला अंदाजपंचे म्हणणाऱ्याने आधी काही मोजून दाखवावं.

भावजींचा दुसरा आवडता मुद्दा, ‘कार्बन डेटिंग चुकतं’. कार्बन-१४ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ, ५७३० वर्षं, सुमारे पन्नास हजार वर्षांपलीकडे ते चालतच नाही. पृथ्वीच्या वयासाठी ते कोणी वापरलेलंच नाही. तिसरा मुद्दा लॉर्ड केल्विन या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाचा. त्याने १८६२ मध्ये पृथ्वी थंड होण्याच्या हिशेबाने २ ते ४० कोटी सांगितले होते, ‘मग उद्या हाही आकडा बदलेल’. केल्विनला खोडलं ते शास्त्रज्ञांनीच, मोजमाप करून. पॅटरसनचा आकडा मात्र अजून जवळपास तिथेच आहे.

हो, एक सांगायचं राहिलं. पृथ्वी आणि उल्का एकाच साहित्यातून साधारण एकाच काळात घडल्या हे यात गृहीत आहे, आणि पृथ्वी घडायलाच काही कोटी वर्षं लागली. म्हणून ४५४ कोटी, पाचेक कोटी इकडे-तिकडे.

तुमच्या घरात कोणाला हा विषय घ्यायचा असेल तर फॉर्म भरू द्या. फर्ग्युसनला आहे, विद्यापीठात आहे. आणि घरचे वडीलधारे आडवे आले तर वरचे झिरकॉनचे दोन आकडे त्यांच्यापुढे ठेवा.