खऱ्या वस्तूंसारखी दिसणारी ॲप्स चांगली की जुनाट?

ॲप्सच्या पडद्यावर काढलेली चामड्याची शिवण आणि लाकडी फळ्या गेल्या ते बरंच झालं. पण त्यांच्यासोबत बटणाचं बटणपणही, म्हणजे हे दाबायचं आहे हे दिसणंही गेलं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

ॲपलने 2013 मध्ये आयफोनसाठी आयओएस 7 ही नवी प्रणाली आणली आणि नोट्समधली पिवळी, रेघांची वही काढून टाकली. पॉडकास्ट ॲपमधली फिरणारी टेप त्याआधीच गेली होती. ती नुसती सजावट होती, तिच्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

अडतं ते दुसरीकडे. इथे इंदूरला रामबागेत राहणारी माझी आत्या विजेचं बिल फोनवरून भरते. त्या ॲपमध्ये ‘पुढे जा’ ही नुसती निळी अक्षरं आहेत, ना चौकट, ना उठाव. आत्या ते मथळ्यासारखं वाचते आणि थांबते. कॅल्क्युलेटर मात्र ती कुणाला न विचारता वापरते, कारण आकड्यांची मांडणी सराफ्यातल्या दुकानात पाहिलेल्या यंत्रासारखीच आहे. (सेव्हसाठी फ्लॉपीचं चित्र मात्र सवयीनेच टिकलंय. फ्लॉपी कधी न पाहिलेली मुलंही ते बरोबर दाबतात.)

म्हणजे नक्कल वापर कळण्यापुरती हवी, देखाव्यासाठी नको. गूगलने 2014 मध्ये मटेरियल डिझाइन ही ॲप्सचं रूप ठरवणारी पद्धत आणली, त्यात कागदाच्या थरांची कल्पना घेऊन सावल्या ठेवल्या, ते मला पटलं. वरचं काय, खालचं काय, दाबायचं कुठे हे बघताक्षणी कळतं.